हलवण्याआधी

खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट आपल्याकडे ऑपरेशनपासून सुरू होते. बॉल बदलायचा की रॉड टाकायचा, खर्च किती येईल, या वयात भूल झेपेल का, मुळात करावं की नाही. त्याआधीचे काही तास, खेड्यापाड्यांत कधी काही दिवससुद्धा, कुणी हिशेबात धरत नाही. ‘मोरीत घसरल्या, उचललं, गाडीत घातलं, आणलं’ एवढ्यात तो काळ उरकतो. हे पुस्तक त्याच काळाबद्दल आहे, आणि ते रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. त्यात डॉक्टर आले, पॅरामेडिक आले, परिचारिका आल्या आणि गाडी चालवणारा पायलटही आला.

मी भूलतज्ज्ञ आहे. हे रुग्ण माझ्यासमोर येतात तेव्हा आधी काय घडलं ते त्यांच्या अंगावर वाचता येतं. माकडहाडावर लाल चट्टा उठलेला असतो, ओठ सुकलेले असतात, कण्हून कण्हून आवाज बसलेला असतो. काल सकाळपर्यंत नातवंडांचे डबे भरणारी बाई आज पोटच्या मुलाला ओळखत नाही, छताला कुणीतरी लटकलंय म्हणून ओरडते. मुलगा घाबरून विचारतो, ‘डॉक्टर, वयामुळे असं होतं का?’ वयाचा वाटा असतोच. पण काल सकाळीही वय तेवढंच होतं. मधल्या वेळात भर पडली ती न शमवलेल्या दुखण्याची, उपाशीपोटाची, पाण्यावाचून गेलेल्या तासांची आणि चार वेळा इकडून तिकडे उचलण्याची. यातलं बरंचसं टाळता येतं, आणि ते टाळण्याची पहिली संधी रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या हाती असते. दुखणं आधी, हलवणं नंतर, एवढंच या पुस्तकाचं म्हणणं आहे.

मोडतं काय ते आधी पाहू. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो. त्याखाली बारीक मान, आणि मानेखाली दोन उंचवटे. मोड मानेत असली की गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याच धोक्यात येतात, कारण त्या मानेला लगटूनच वर जातात. हाड सरकलेलं असेल तर म्हणूनच म्हाताऱ्या माणसात बहुधा गोळा बदलावा लागतो. मोड उंचवट्यांच्या भागात असली तर रक्तपुरवठा टिकतो, हाड जुळतं, रॉडवर किंवा प्लेटवर भागतं. मात्र ही जागा सांध्याच्या आवरणाबाहेर असल्यामुळे रक्त अडत नाही. ते मांडीच्या स्नायूंत पसरत जातं, आणि बाहेर थेंबही न दिसता लिटरभर रक्त आत साठू शकतं. एक्स-रेशिवाय हा भेद करता येत नाही आणि रुग्णवाहिकेत तो करण्याची गरजही नाही. तिथे दिसतो तो पाय. दुसऱ्यापेक्षा आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं, आणि टाच चादरीवरून बोटभर सरकली तरी तोंडातून निघणारी किंकाळी. मोडलेल्या टोकांभोवतीचे दांडगे स्नायू आखडतात, आखडले की टोकं घासतात, घासली की आणखी आखडतात. उचलताना आपण बाहेरून जो हिसका देतो तो या चक्रावर पडतो.

सगळेच पाय असे दिसत नाहीत, आणि इथेच अनुभवी माणूसही फसू शकतो. टोकं एकमेकांत रुतून बसलेली असली तर पाय आखूड होत नाही, पाऊल सरळ राहतं, आजी भिंत धरून चार पावलं चालूनही दाखवतात. काही जणी खुब्याचं नावच काढत नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात, कारण खुब्याचं दुखणं त्याच नसांवाटे गुडघ्यात उतरतं. गुडघ्याला मलम चोळून, पट्टा बांधून आठवडा जातो आणि एके दिवशी रुतलेलं हाड सुटतं. पडल्यानंतर गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक वृद्ध माणसाचा खुबा तपासायचाच, हा नियम पुस्तकात ठळक छापला आहे. तो भिंतीवर लावण्याजोगा आहे.

आता ‘उचललं’ म्हणजे नेमकं काय होतं ते पाहा. शहरात प्लास्टिकची खुर्ची येते. आजींना काखेत धरून खुर्चीत बसवतात, चौघे मिळून जिना उतरतात. बसवलं की खुबा काटकोनात वाकतो, म्हणजे मोड जिथे आहे नेमकं तिथेच हाड दुमडतं. खाली रिक्षा उभी असते, तिच्यात चढवताना कुणीतरी पाय धरतं आणि ओढतं. कोकणातल्या पाखाड्यांवरून किंवा रस्ता न पोचलेल्या पाड्यावरून आणायचं तर चादरीची झोळी होते. झोळीत माणूस मधोमध खचतो, खुबा पुन्हा दुमडतो, आणि वाट तासाभराची असते. यात नातेवाइकांचा दोष नाही. त्यांनी हाताशी होतं ते वापरलं आणि जिवाच्या आकांतानं माणूस आणला. त्यांना कुणी सांगितलेलं नाही एवढंच. घरात बाज किंवा लाकडी फळी असेल, दार सहज निखळत असेल, तर त्यावर गोधडी अंथरून, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून, पाय एकमेकांना रुंद कापडानं बांधून आडवंच नेणं खुर्चीपेक्षा आणि झोळीपेक्षा कितीतरी बरं. आशाताईंच्या बैठकीत ही गोष्ट करून दाखवायला पंधरा मिनिटं पुरतात.

गाडी पोचल्यावर हेच काम नीट साधनानं होतं. मधून उभा दुभंगणारा स्कूप स्ट्रेचर असतो. त्याची दोन पाती दोन बाजूंनी अंगाखाली सरकवून जोडायची, माणसाला कुशीवर वळवावं लागत नाही. अपघातातल्या रुग्णासाठीचा टणक बोर्ड उठसूट वापरायचा नाही, सुकलेल्या अंगाला त्याचा त्रासच जास्त. दुखरा पाय ओढून सरळ करायचा नाही. तो ज्या ठेवणीत कमी दुखतो त्याच ठेवणीत आधार द्यायचा, गुडघ्याखाली घडी घातलेली चादर, बाजूनं उशी. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पावलाची नाडी आणि बोटांची जाणीव पाहायची.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतो. मांडीचं हाड ताणून धरणारी थॉमस स्प्लिंट ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते ह्यू ओवेन थॉमस 1834 मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर जन्मले, आणि त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हाडवैद्यांचं होतं. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी तिचा प्रसार केला आणि मांडीवर गोळी लागलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. पण ती स्प्लिंट मांडीच्या हाडाच्या मधल्या भागासाठी आहे. खुब्याच्या मोडीला ताण लावून दुखणं कमी होतं असं पुराव्यानं दिसत नाही. ऑपरेशनआधी वजन लावून ठेवण्याची पद्धत आपल्या वॉर्डांत अजून मुरलेली आहे, त्या पद्धतीलाही चाचण्यांचा आधार मिळालेला नाही. आपल्याकडच्या हाडवैद्यांबद्दलही दोन शब्द हवेत. मुरगळलेला पाय, निखळलेलं बोट यांत त्यांचा हात खरोखर कसबी असतो आणि गाव त्यांच्यावर उगाच विश्वास टाकत नाही. खुब्याला मात्र तेल, चोळणं आणि बांबूच्या कामट्या चालत नाहीत. त्यांच्याशी भांडून हे साधणार नाही. त्यांना ‘असा पाय दिसला की चोळू नका, 108 ला फोन करा’ असं सांगून सामील करून घ्यायला हवं.

औषधांचं प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं आहे, आणि ते तसंच हवं होतं. आपल्याकडे दुखण्यावर हात पहिला जातो तो डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनकडे. सत्तरी-ऐंशीच्या, पाणी न प्यायलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना ते महाग पडतं. ट्रॅमाडॉलनं मळमळ होते आणि भ्रम वाढू शकतो. शिरेतून वजनानुसार पॅरासिटामॉल हा पाया, आणि त्यावर लागेल तसं मॉर्फिन किंवा फेंटानिल थोड्या थोड्या मात्रेत, श्वासावर आणि ऑक्सिजनवर नजर ठेवून, हा क्रम जगभर मान्य आहे. अडचण मॉर्फिनच्या उपलब्धतेची. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं आपल्या दवाखान्यांत मॉर्फिनची जी धास्ती बसली, ती 2014 च्या दुरुस्तीनं नियम सोपे होऊनही पुरती गेलेली नाही. कपाटाची किल्ली, नोंदवही, सही यांच्या भीतीनं रुग्ण कण्हत ठेवायचा, हे मला डॉक्टर म्हणून सहन होत नाही आणि मी ते इथे स्पष्ट लिहितो.

आणखी एक सत्य फार बोचणारं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सर्वांत कमी वेदनाशामक मिळतं. न्यूयॉर्कमध्ये मॉरिसन आणि स्यू यांनी 2000 च्या सुमारास खुबा मोडलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना इतरांच्या साधारण एक तृतीयांश मॉर्फिन मिळाल्याचं आढळलं. हाड तेच, मोड तीच. फरक एवढाच की त्यांना मागता येत नव्हतं. 2003 मध्ये मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी 541 रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं की ज्यांचं दुखणं कमी प्रमाणात शमवलं गेलं त्यांच्यातच भ्रमाचं प्रमाण वाढलं. औषधानं म्हातारं माणूस भ्रमिष्ट होईल, ही भीती आपण सगळ्यांनी शिकताना ऐकलेली असते. औषध न दिल्यानंही ते भ्रमिष्ट होतं, हे त्याच ठळकपणे शिकवायला हवं. ज्यांना बोलता येत नाही त्यांचा चेहरा, श्वासाची लय, वळलेली मूठ, ढकलणारा हात पाहून दुखणं मोजायच्या पट्ट्या आहेत. त्या पुस्तकात मराठीत दिल्या आहेत.

मी ज्या गोष्टीसाठी सर्वांत उत्सुक आहे ती आता सांगतो. जांघेच्या वरच्या बाजूला, स्नायूवरच्या एका पडद्याखाली बधिर करणारं औषध पसरवलं की खुब्याकडच्या मुख्य नसा बऱ्याच अंशी गप्प होतात. यालाच ब्लॉक म्हणतात. फ्रान्सचे बर्नार्ड डालेन्स यांनी 1989 मध्ये लहान मुलांसाठी ही पद्धत मांडली. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून जांघेतल्या हाडापर्यंत रेघ कल्पायची, तिचे तीन भाग करायचे, बाहेरचा आणि मधला भाग मिळतात तिथून थोडं खाली बोथट सुई घालायची. दोन पडदे भेदल्याचे दोन हलके झटके बोटांना जाणवतात. सुई धमनीपासून आणि नसेपासून लांब राहते, हेच तिचं मोठं गुणवैशिष्ट्य. सोनोग्राफी यंत्र असेल तर काम अधिक अचूक होतं. अर्ध्या तासात रुग्णाचा चेहरा बदलतो. मी हा बदल असंख्य वेळा पाहिला आहे आणि अजूनही प्रत्येक वेळी तो पाहायला थांबतो. आखडलेली बोटं चादर सोडतात, खांदे खाली येतात, आणि बऱ्याचदा पहिलं वाक्य निघतं ते ‘पाणी द्या’. नस बधिर करण्याबद्दलच्या चाचण्यांचा 2020 चा कॉक्रेन आढावा हेच सांगतो. हालचालीचं दुखणं कमी होतं, भ्रम कमी होतो.

हे काम भूलतज्ज्ञाच्याच हातचं, असं आम्हा लोकांना वाटत आलं. वेल्समधल्या स्वान्सी परिसरात 2016-17 मध्ये ते पॅरामेडिकांच्या हाती देऊन पाहिलं गेलं. रॅपिड नावाच्या त्या प्राथमिक चाचणीत प्रशिक्षण घेतलेल्या 19 पॅरामेडिकांनी 71 रुग्णांना सामील केलं. कुणाला ब्लॉक द्यायचा आणि कुणाला नेहमीचं औषध, हे रुग्णाच्या घरी, जागच्या जागी, खरवडायच्या कार्डावरून ठरत होतं. ब्लॉक श्रेष्ठ ठरवणं हा त्या चाचणीचा हेतू नव्हता. रस्त्यावर, घराघरांत हे करता येतं का, पॅरामेडिक आणि रुग्ण त्याला तयार होतात का, हे पाहायचं होतं. उत्तर होकारार्थी आलं आणि त्यातून पुढची मोठी चाचणी उभी राहिली. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती सुईपेक्षा त्यामागची धारणा. उपचार रुग्ण पडला तिथे सुरू होतो आणि तो करणारा माणूस प्रशिक्षणाला पात्र असतो, ही ती धारणा.

महाराष्ट्रात ही धारणा रुजायला जागा तयार आहे. 26 जानेवारी 2014 पासून 108 ची सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात 937 गाड्या होत्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक साधनांच्या. या सेवेचं वेगळेपण असं की गाडीत डॉक्टर असतो. म्हणजे वेल्समध्ये पॅरामेडिकच्या हाती सुई द्यावी का यावर जी चर्चा झाली, ती इथे अर्धी तरी आधीच सुटलेली आहे. तरी मी उतावीळपणा करणार नाही. बधिर करणारं औषध चुकून शिरेत गेलं किंवा मात्रा ओलांडली तर झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं. त्यासाठीचं उताऱ्याचं लिपिड इमल्शन, मॉनिटर आणि सराव यांच्याशिवाय सुई हाती घेऊ नये. माझ्या मते पहिली पायरी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात, रुग्ण पोचल्याच्या पहिल्या तासात ब्लॉक मिळणं ही असावी, आणि 108 च्या डॉक्टरांनी तो तिथेच शिकावा. गाडीतला ब्लॉक त्यानंतरची पायरी. पॅरासिटामॉल, उशी आणि नीट उचलणं यांना मात्र कशाचीच वाट पाहावी लागत नाही.

पायलटसाठी स्वतंत्र प्रकरण आहे याचा मला विशेष आनंद आहे. उचलण्यात निम्मा भार त्याचा असतो आणि नंतरचा सगळा प्रवास त्याच्या पायाखाली. रक्तदाब ठीक असेल, शुद्ध नीट असेल, तर या रुग्णाला सायरन लावून दामटण्यात काही मिळत नाही. गतिरोधकावरचा एक दणका औषधाचं अर्ध्या तासाचं काम घालवतो. दहा मिनिटं उशिरा पण न हादरता पोचणं केव्हाही चांगलं. कुठे न्यायचं हा निर्णयही तितकाच मोठा. आधी प्राथमिक केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, अशा प्रत्येक टप्प्यावर स्ट्रेचरवरून स्ट्रेचरवर उचलणं आलं. जिथे हाडांचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ आहेत तिथे शक्यतो थेट न्यावं, निघण्याआधी फोन करून.

वेळेबद्दल थोडं. ब्रिटनच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. 2020 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या हिप अटॅक चाचणीत 17 देशांतले 2970 रुग्ण होते, भारतातलेही. निदानानंतर साधारण सहा तासांत ऑपरेशन झालेल्यांत आणि साधारण चोवीस तासांनी झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण फारसं वेगळं निघालं नाही, पण लवकर झालेल्यांत भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. ‘आता वय झालं, कशाला चिरफाड’ म्हणून अंथरुणात ठेवलेल्या रुग्णाच्या वाट्याला न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि सततचं दुखणं येतं. जो आधीपासून चालत नव्हता त्याचंही ऑपरेशन बहुधा करावं, निदान कूस बदलताना त्याला ओरडावं लागू नये म्हणून. घरच्यांच्या मनात नकार रुजतो तो पहिल्या तासातच, आणि त्या तासात त्यांच्यासोबत रुग्णवाहिकेतला माणूस असतो.

का पडल्या, हा प्रश्नही तोच माणूस वेळेवर विचारू शकतो. पाय घसरला, की आधी चक्कर आली आणि मग पडल्या? साखर उतरली होती का, छातीत धडधडलं का, जीभ जड झाली का? ग्लुकोमीटर आणि ईसीजी यांना दोन-चार मिनिटं लागतात. मोडलेल्या हाडाकडे सगळ्यांचं लक्ष असताना हृदयविकाराचा झटका सहज नजरेआड होतो.

आणि लाज. याबद्दल पुस्तकं क्वचितच लिहितात, इथे लिहिलं आहे म्हणून मी लेखकांचा ऋणी आहे. न्हाणीघरात पडलेल्या बाईच्या अंगावर ओलं लुगडं असतं, कधी तेही नसतं. ती दुखण्याइतकीच लाजेनं थरथरत असते, आणि ओल्या फरशीवर तासभर पडून अंग खरोखरच गारही पडलेलं असतं, मे महिन्यातसुद्धा. आधी शाल किंवा चादर अंगावर घालावी, सुनेला किंवा लेकीला आत बोलवावं, ‘आजी, पायाला हात लावतोय, सांगितल्याशिवाय हलवणार नाही’ असं म्हणावं आणि तो शब्द पाळावा. लघवीला उठवावं लागेल या धास्तीनं अशा बायका पाणी पिणंच सोडतात. त्यांना विचारल्याशिवाय त्या हे सांगत नाहीत.

ब्रिटननं 2007 मध्ये खुबा मोडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. त्या वर्षी तिथे 30 दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण 10.9 टक्के होतं, 2011 मध्ये ते 8.5 टक्क्यांवर आलं. नोंद झाल्यामुळे कोण कुठे रेंगाळतो ते दिसू लागलं. आपल्याकडच्या बहुतेक केसपेपरवर रुग्ण किती वाजता पडला हेसुद्धा नसतं. म्हणून लेखकांनी सुपूर्द करण्याचा एक पानी कागद बनवला आहे. पडल्याची वेळ, जमिनीवर किती वेळ, कोणतं औषध किती वाजता किती दिलं, ब्लॉक दिला असल्यास मात्रा आणि वेळ, म्हणजे पुढचा डॉक्टर नकळत दुप्पट देणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, शेवटची कधी घेतली. शेवटचं खाणं-पिणं. आधी काठीविना चालत होत्या का. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, गोळ्यांची पिशवी, आधारकार्ड आणि रेशनकार्ड सोबत आलं का. सोबत आलेल्या माणसाचा फोन नंबर. हा कागद पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. तो फाडून घ्यावा, हव्या तेवढ्या झेरॉक्स काढाव्यात आणि गाडीत ठेवाव्यात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.